पडद्यावरची वेलांटी: ई-बुक रीडरची उपनगरी कुळकथा

ऑगस्ट २०१२ मध्ये किंडल भारतातल्या दुकानांत आलं. त्याआधी ते परदेशातून मागवावं लागे, नाहीतर अमेरिकेहून सुट्टीला येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून येई. आता ते क्रोमा या दुकानसाखळीत ६,९९९ रुपयांना मिळू लागलं. रुपयांत ई-पुस्तकं विकणारं ॲमेझॉनचं किंडल स्टोअरही त्याच महिन्यात सुरू झालं. क्रोमाचं पहिलं दुकान २००६ मध्ये उघडलं होतं ते जुहूला. त्यामुळे अंधेरी-पार्ल्याच्या वाचकाला यंत्र हातात घेऊन, उलटसुलट करून, मग विकत घ्यायची सोय झाली. इंग्रजी वाचणाऱ्याचं काम तिथेच झालं. मराठी वाचणाऱ्याला आणखी चार वर्षं थांबावं लागलं. किंडलच्या दुकानात मराठीला रीतसर जागा मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमच्या जोडीनं.

हा उशीर चक्रावून टाकणारा आहे. कारण त्याच जुहूत, गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ वरच्या एका सरकारी संस्थेत, संगणकाच्या पडद्यावर देवनागरी कशी उमटावी यावर क्रोमा उघडण्याच्या कितीतरी आधीपासून काम चाललं होतं. त्या कामाचं दुसरं टोक होतं पवईच्या आयआयटीत.

ई-बुक रीडरची कुळकथा सांगताना बहुधा एकाच घराण्याची वंशावळ सांगितली जाते, ती यंत्राची. तिच्यात स्पेन येतं, अमेरिका येते, जपान येतो. मराठी वाचकासाठी मात्र दुसरं घराणंही तितकंच सख्खं आहे, ते अक्षराचं, आणि त्याचं बरंचसं कूळ मुंबईच्या उपनगरांत सापडतं. या दोन घराण्यांची सोयरीक जुळायला फार वेळ लागला. ती का रखडली हे सांगितल्याशिवाय ही कुळकथा पुरी होत नाही.

यंत्राचं घराणं

यंत्राच्या बाजूची सर्वांत लोभस पूर्वज आहे एक शिक्षिका. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात, फेरोल गावी शाळा चालवणाऱ्या आंखेला रुईस रोब्लेस यांनी १९४९ मध्ये ‘यांत्रिक विश्वकोशा’चं पेटंट घेतलं. एका पेटीत वेगवेगळ्या विषयांच्या गुंडाळ्या बसवायच्या, हव्या त्या मजकुरापर्यंत फिरवायच्या, वर मोठं दिसण्यासाठी भिंग आणि अंधारात वाचण्यासाठी दिवा. मुलांच्या दप्तराचं ओझं कमी व्हावं हा त्यामागचा हेतू. नमुना तयार झाला, पण कारखान्यापर्यंत काही तो पोचला नाही.

मजकूर स्वतःच विजेच्या रूपात साठवण्याचं पाऊल ४ जुलै १९७१ ला पडलं. इलिनॉय विद्यापीठातल्या मायकेल हार्ट या विद्यार्थ्यानं अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकून इतरांसाठी खुला ठेवला. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ची सुरुवात ती. तो मजकूर सबंध कॅपिटल अक्षरांत होता. लहान लिपी त्या व्यवस्थेत नव्हतीच. म्हणजे इंग्रजीलाही पडद्यावर एका दमात पुरतं रूप मिळालं नव्हतं. फक्त तिची अडचण अक्षरं मोठी की लहान एवढीच होती. देवनागरीची कुठल्या थराची होती ते पुढे येईलच. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, ॲलन के यांनी ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली: वहीएवढा, मुलांच्या हाती देता येईल असा संगणक. तो कागदावरच राहिला, पण हातात धरायच्या प्रत्येक पडद्यानं पुढे त्याचं ऋण मान्य केलं.

प्रत्यक्ष विकत मिळणारं यंत्र आणलं सोनीनं. १९९० मध्ये जपानात ‘डेटा डिस्कमन’ आला. त्यात ८ सेंटिमीटर व्यासाची छोटी तबकडी बसे, आणि तिच्यावर मुख्यतः शब्दकोश आणि संदर्भग्रंथ असत. कादंबरी सलग वाचण्यासाठी तो नव्हता. ते साधलं १९९८ मध्ये, कॅलिफोर्नियात. ‘रॉकेट ई-बुक’ आणि ‘सॉफ्टबुक’ ही दोन यंत्रं त्या वर्षी बाजारात आली. रॉकेट काढणारे मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग यांनीच पुढे, २००३ मध्ये, टेस्ला ही विजेच्या मोटारींची कंपनी स्थापन केली. हलकी आणि पुष्कळ टिकणारी बॅटरी हा त्यांच्या डोक्यातला विषय पुस्तकापासूनच सुरू झाला होता. २००० मध्ये दोन्ही यंत्रं जेमस्टार या एकाच कंपनीच्या ताब्यात गेली आणि २००३ पर्यंत बंद पडली. जड, महाग, मागून उजेड टाकणाऱ्या पडद्याची, आणि पुस्तकांची यादी तोकडी. एवढ्या उण्यांपुढे टिकाव लागणं कठीणच होतं.

उजेडाचा प्रश्न सोडवला एमआयटीत. जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी यांच्या कामातून १९९७ मध्ये ‘ई इंक’ ही कंपनी निघाली. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतल्या स्वच्छ द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगतात, एकांवर धन तर दुसऱ्यांवर ऋण विद्युतभार. खालून विजेची दिशा बदलली की पांढरे वर येतात किंवा काळे. एकदा वर आलेले कण तिथेच राहतात, त्यामुळे वीज लागते ती पान उलटताना. पान वाचत बसलं तर काहीच खर्च नाही. पडदा स्वतः उजेड फेकत नाही, बाहेरचा उजेड परतवतो. म्हणून भर उन्हात, फलाटावर उभं राहूनही तो कागदासारखाच वाचता येतो.

या पडद्याचं पहिलं वाचनयंत्र, सोनीचं ‘लिब्रिए’, २००४ मध्ये जपानात आलं. त्यावर घेतलेलं पुस्तक साठ दिवसांनी आपोआप बंद होई. ग्राहकांना ही अट रुचली नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉननं किंडल आणलं, किंमत ३९९ डॉलर. पहिला साठा साडेपाच तासांत संपला. त्याचं खरं बळ पडद्यापेक्षा दुकानात होतं. यंत्रात मोबाइलचं जाळं आधीच बसवलेलं, संगणकाला जोडायची गरज नाही, आणि पुस्तक मिनिटभरात हातात. पण या पहिल्या किंडलची सगळी मांडणी रोमन अक्षरं धरून केलेली होती. त्या यंत्रापुढे मराठी पान ठेवलं असतं तर काय झालं असतं, हे समजायला अक्षराच्या घराण्याकडे वळावं लागतं.

वेलांटी कुठे बसते

‘निर्मिती’ हा शब्द घेऊ. संगणकाच्या दृष्टीनं तो आठ खुणांचा आहे: न, पहिली वेलांटी, र, हलन्त, म, पुन्हा पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी. साठवण्याचा क्रम हा असाच, उच्चाराच्या क्रमानं. दिसण्याचा क्रम मात्र वेगळाच. पहिली वेलांटी नंतर साठवलेली असली तरी काढायची न च्या डावीकडे. र आणि हलन्त यांनी स्वतःचं रूप टाकून रफार व्हायचं, आणि तो रफार पुढच्या मि च्या डोक्यावर चढायचा. म्हणजे पडद्यावर शब्द दिसण्याआधी कुणीतरी त्या आठ खुणांची उलथापालथ करून प्रत्येकीला योग्य आकार आणि योग्य जागा द्यायला हवी. रोमन लिपीत हे काम जवळजवळ नसतंच: अक्षर साठवलं त्याच क्रमानं शेजारी शेजारी मांडलं की शब्द तयार. त्यामुळे रोमनसाठी बनलेल्या यंत्रात ही उलथापालथ करणारा भागच नसे. असं यंत्र ‘निर्मिती’ दाखवायला गेलं की वेलांट्या भलत्याच जागी लटकत, र खाली पाय मोडून बसे, आणि वाचक वैतागे.

त्यात मराठीच्या स्वतःच्या गरजा वेगळ्या. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक केवळ रफार आणि अर्ध्या चंद्रासारखा दिसणारा र यांचा. एकात गुरुजींना दक्षिणा मिळते, दुसऱ्यात स्वयंपाक्याला पगार. हिंदीला हा दुसरा र लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या व्यवस्थेत तो विसरला जायची भीती असते. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोड या जगभरच्या अक्षरसंकेतात स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी ‘अ’ वर चंद्र चढवून वेळ मारून न्यावी लागे, आणि काही फॉन्टांत तो चंद्र शेजारी घसरे. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरं मराठी वळणानं काढायची की हिंदी वळणानं, हाही वाद. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठी वर्णमालेची रूपं ठरवून दिली, त्यात या दोन अक्षरांचाही समावेश होता.

छापखान्यांनी हे प्रश्न आपल्या परीनं सोडवले होते. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून मुंबईच्या जुळाऱ्यांना शेकडो खिळ्यांची केस तोंडपाठ असे. काना, मात्रा, रफार वेगळे ओतून अक्षरावर बसवायचे की सगळं अक्षर अखंड ओतायचं, यावर इथल्या टाइपकारांत दोन पद्धती पडल्या होत्या. बापूराव नाईकांनी १९७१ मध्ये इंग्रजीत लिहिलेला देवनागरी टाइपाचा ग्रंथ हा सगळा व्यवहार नोंदवतो. फरक एवढाच, की जुळाऱ्याचं डोकं वेलांटी कुठे बसवायची ते जाणत होतं. संगणकाला ते शिकवायचं होतं.

जुहू आणि पवई

शिकवणी सुरू झाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली. तिथल्या सॉफ्टवेअर केंद्रात काम करणाऱ्या पीयूष घोष यांनी भारतीय लिप्यांची अक्षररचना आणि जुळणी संगणकावर कशी करावी यावर केलेलं काम १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठानं अहवालरूपात प्रसिद्ध केलं. त्या केंद्रातूनच १९८५ मध्ये ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’, म्हणजे एनसीएसटी, ही स्वतंत्र संस्था झाली. एस. रमणी तिचे संचालक, आणि मुक्काम जुहू.

भारतातल्या इंटरनेटच्या इतिहासातही जुहूच्या या इमारतीचं नाव येतं. एर्नेट या शैक्षणिक जाळ्यातली सुरुवातीची ई-मेल १९८६-८७ च्या सुमारास टेलिफोनच्या तारेवरून एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात फिरली. जुहू ते पवई, मध्ये अंधेरी. आज त्या अंतरात रिक्षावाला मीटर टाकतो आणि सिग्नलला अडकतो. तेव्हा त्याच अंतरावरून देशाच्या विद्यापीठांचं नवं टपाल सुरू झालं. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेला थेट जोडणी मिळाली, तिचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आजच्या मोजक्या छायाचित्रांना त्या तारेवरून तासन्‌तास लागले असते. साध्या मजकुराला तेवढा वेग पुरत असे.

पवईत आयआयटीच्या आवारात १९६९ पासून ‘इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर’, म्हणजे आयडीसी, होतं. तिथे १९८३ मध्ये र. कृ. जोशी शिकवायला आले. रघुनाथ कृष्ण जोशी हे सुलेखनकार, आणि त्याआधी जाहिरातक्षेत्रात, उल्का या संस्थेत, दोन दशकं काम केलेले कलादिग्दर्शक. अक्षराकडे ते चित्र, ध्वनी आणि हाताची हालचाल अशा तिन्ही अंगांनी बघत. आयडीसीतून निवृत्त झाल्यावर ते जुहूला एनसीएसटीत दाखल झाले, आणि इथे दोन गोष्टी एकत्र आल्या: बोरूनं अक्षर काढणारा हात आणि संगणकाला अक्षर शिकवणारी यंत्रणा.

मायक्रोसॉफ्टनं विंडोजमध्ये भारतीय लिप्या आणायचं ठरवलं तेव्हा देवनागरी फॉन्टाचं काम या चमूकडे आलं. त्यातून झाला ‘मंगल’. जोशी त्याचे मुख्य दिग्दर्शक, सहकारी विनय सायनेकर. २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० बरोबर तो जगभरच्या संगणकांत पोचला. पुढे विंडोजच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत गुजराती ‘श्रुती’, कन्नड ‘तुंगा’, तेलुगू ‘गौतमी’, पंजाबी ‘रावी’ असे इतर लिप्यांचे फॉन्टही याच जुहूच्या घरातून गेले.

मंगलवर सुलेखनाच्या चाहत्यांनी पुष्कळ नाकं मुरडली. जाड, ठोकळेबाज, छपाईत बेरूप. पण तो छपाईसाठी नव्हताच. त्या काळच्या पडद्यांवर एका अक्षराच्या वाट्याला मोजके ठिपके येत. त्यात शिरोरेषा, वरचा रफार आणि अनुस्वार, खालचा उकार, आणि मधली जोडाक्षराची गाठ, हे सगळं ओळखू येईल असं बसवायचं म्हणजे सौंदर्याला थोडी मुरड घालावीच लागते. खरं महत्त्व फॉन्टाच्या पोटात होतं. अक्षरांच्या आकारांबरोबर त्यात नियमांची सारणीही भरली होती: अमुक खुणांनंतर अमुक आली तर हा आकार वापर, हा रफार इथे ने. ओपनटाइप म्हणतात ती ही पद्धत. नियमांची सारणी फॉन्टात, ती वाचून उलथापालथ करणारा भाग संगणकात, आणि मजकूर साठवायला युनिकोड. या तिन्ही गोष्टी जुळल्या की ‘निर्मिती’ कुठल्याही पडद्यावर ‘निर्मिती’च दिसते.

युनिकोडमधल्या देवनागरीच्या मांडणीचं मूळही भारतातच आहे. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानपूरच्या आयआयटीत सुरू केलेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेत वाढलेल्या ‘जिस्ट’ या भारतीय लिप्यांच्या तंत्राच्या कामाचा हातभार लागून ‘इस्की’ हा भारतीय लिप्यांचा संकेत तयार झाला. १९९१ मध्ये तो राष्ट्रीय मानक ठरला. युनिकोडची देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. पुढे एनसीएसटी स्वतःच सी-डॅकमध्ये विलीन झाली. २००८ मध्ये र. कृ. जोशी गेले.

फाइल आहे, पुस्तक नाही

म्हणजे २००० सालापर्यंत अक्षराच्या घराण्यानं आपली बाजू बरीच मांडून ठेवली होती. मग मराठी ई-पुस्तकं लगेच का आली नाहीत? कारण मधे डीटीपीचा काळ येऊन गेला होता.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मराठी प्रकाशकांनी खिळे सोडून संगणकावर जुळणी सुरू केली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’, बंगळूरच्या सायबरस्केपची ‘आकृती’, सी-डॅकचे फॉन्ट, असं बरंच काही वापरात आलं. या जुन्या फॉन्टांची युक्ती साधी होती. संगणकाला रोमन अक्षरं कळतात ना? मग रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवा: एका जागी अर्धा क, दुसरीकडे काना, तिसरीकडे रफार. टंकणारा ते तुकडे जोडून शब्द तयार करी. छापून आलेलं पान सुरेख दिसे. पण फाइलमध्ये प्रत्यक्षात मराठी नसेच, असे रोमन चिन्हांची भेळ. फॉन्ट बदलला की ‘नमस्कार’च्या जागी कसलीतरी कुलुपी भाषा उमटे. शिवाय प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी निराळी, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येत नसे. वृत्तपत्रांची संकेतस्थळंही बरीच वर्षं अशाच फॉन्टांवर चालली, आणि वाचकाला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे.

म्हणून प्रकाशकाच्या कपाटात सीडी होती, सीडीत फाइल होती, पण फाइलमध्ये पुस्तक नव्हतं. ई-बुक करायचं तर ती फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित करायची. रूपांतर करणारी साधनं पुष्कळशी अक्षरं बरोबर आणत, पण जोडाक्षरांत, अवतरणचिन्हांत, ऱ्हस्व-दीर्घात चुका राहत. मग मुद्रितशोधकानं सगळं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. त्यासाठी पैसे खर्च करायचे, आणि विक्री किती होईल याचा भरवसा नाही. प्रकाशकांनी हात आखडता घेतला तर त्यांचं फारसं चुकलं असं म्हणता येत नाही. डीटीपीच्या आधीची, खिळ्यांवर छापलेली पुस्तकं तर फाइलच्या रूपात कुठेच नव्हती. ती स्कॅन करून पानांची चित्रं मिळत, अक्षरं नव्हे.

या काळात मराठी ई-पुस्तक म्हणजे पीडीएफ असंच समीकरण होतं. पीडीएफमध्ये पान जसंच्या तसं गोठवलेलं असतं, फॉन्ट त्यातच बांधलेला. म्हणून ते कुठेही दिसे. सुनील सामंत यांच्या ‘ई साहित्य प्रतिष्ठान’नं अशीच पीडीएफ पुस्तकं वाचकांना ई-मेलनं फुकट पाठवायला सुरुवात केली आणि वाचकवर्ग तयार केला. साने गुरुजींचं निधन १९५० चं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं झालं आणि अशा प्रयत्नांना मोठा खजिना मिळाला. पण ई इंकच्या सहा इंची पडद्यावर मोठं पीडीएफ पान उघडलं की अक्षर मुंगीएवढं होई. मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर जाई. ई-बुक रीडरची मोठी देणगी म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता येणं आणि ओळी आपोआप नव्यानं जुळणं. उतारवयातल्या वाचकाला सर्वांत जास्त तीच हवी असते, आणि पीडीएफ ती देऊ शकत नव्हती.

देशी यंत्रं आणि डब्यातला फोन

दरम्यान भारतीय यंत्रांनीही प्रयत्न केले. बंगळूरच्या शास्त्रज्ञांचा ‘सिम्प्युटर’ शतकाच्या वळणावर आला. तो वाचनयंत्र नव्हता, पण भारतीय भाषांत हातात धरायचा संगणक ही त्याची कल्पना ठाम होती. २०१० मध्ये अहमदाबादच्या इन्फिबीमनं ‘पाय’ हा ई इंकचा रीडर ९,९९९ रुपयांना काढला. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकारानं ‘आकाश’ या स्वस्त टॅब्लेटच्या दुसऱ्या आवृत्तीवर काम झालं. नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. यांतलं कोणतंही यंत्र वाचनाची सवय बदलण्याइतकं पसरलं नाही.

पसरला तो फोन. बोरिवली किंवा मुलुंडहून रोज लोकलनं तासाभराचा प्रवास करणाऱ्याच्या एका हातात कडी असते. दुसऱ्या हातात जाडजूड पुस्तक धरून पान उलटणं गर्दीत शक्यच नाही. फोन खिशातून निघतो, अंगठ्यानं पुढे सरकतो, धक्का बसला की खिशात परत जातो. पण त्यावर मराठी वाचणं सुरुवातीला सरळ नव्हतं. २०१० च्या आसपासच्या बहुतेक साध्या फोनवर आणि आधीच्या अँड्रॉइडवर मराठी संकेतस्थळ उघडलं की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. त्यावर एक तोड कानोकानी पसरली होती: ऑपेरा मिनी ब्राउझर उतरवा, त्याच्या पत्त्याच्या जागी ‘कॉन्फिग’ टाइप करा, आणि गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं हा पर्याय चालू करा. मग दूरच्या सर्व्हरवर मराठी मजकुराचं चित्र होऊन फोनवर येई. डेटा जास्त खर्ची पडे, पण वेलांटी जागच्या जागी असे. वाचण्याची ओढ किती होती, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

२०११-१२ नंतरच्या अँड्रॉइडमध्ये देवनागरी हळूहळू आपणहून नीट दिसू लागली. उलथापालथ करणारा भाग आता खुल्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘हार्फबझ’ या नावानं, कुठल्याही कंपनीला उपलब्ध होता. मंदार जोगळेकरांच्या पुण्याच्या ‘बुकगंगा’नं मराठी ई-पुस्तकं ॲपमधून विकायला सुरुवात केली. फॉन्टांच्या बाजूनं पवईची पुढची पिढी पुढे आली. आयडीसीत देवनागरी अक्षररचनेवर संशोधन केलेले गिरीश दळवी आणि अक्षररचनाकार सारंग कुलकर्णी यांची मुंबईची ‘एक टाइप’ ही संस्था २०१४ च्या सुमारास ‘एक मुक्त’ हा देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर घेऊन आली. कुणीही घ्या, कुठल्याही यंत्रात वापरा, पैसे नकोत. लहान पडद्यावर सलग वाचता येईल असा तो होता.

यंत्राच्या बाजूनंही एक अडसर याच काळात दूर झाला. सुरुवातीच्या किंडलच्या पडद्यावर इंचाला १६७ ठिपके होते. इंग्रजीला ते पुरत. देवनागरीच्या उकाराच्या आतली पोकळी आणि जोडाक्षराची गाठ त्यात बुजे. २०१२ च्या पेपरव्हाइटमध्ये २१२ ठिपके आले, २०१५ च्या पेपरव्हाइटमध्ये ३००. आता अनुस्वार आणि रफार वेगळे ओळखू येत. पडदा, फॉन्ट, मांडणी आणि संकेत अशी चारही अंगं तयार झाल्यावर, २०१६ च्या डिसेंबरात, किंडलच्या दुकानात मराठी आली. लेखकाला स्वतःचं मराठी पुस्तक थेट तिथे प्रकाशित करण्याची वाटही खुली झाली.

सोयरिकीनंतर

यंत्राच्या इतिहासात २००७ हे वर्ष ठळक मानलं जातं. मराठी वाचकाच्या दृष्टीनं १९९१, २००० आणि २०१६ ही वर्षं अधिक मोलाची. पहिल्या वर्षी संकेत ठरला, दुसऱ्या वर्षी पडद्याला वेलांटी कळली, तिसऱ्या वर्षी पुस्तकविक्रीचं दार उघडलं. यंत्र परदेशातून जसंच्या तसं येऊ शकतं. अक्षर तसं येत नाही, ते इथेच घडवावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याला आचार्य आणि आचारी यांतला र माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. तो माहीत असणारी माणसं जुहूत, पवईत आणि पुण्यात होती. त्यांनी तो आधीच संकेतात आणि फॉन्टात बसवून ठेवला नसता, तर यंत्र कितीही हलकं झालं तरी मराठीसाठी ते पानांची चित्रं बघायचं साधन राहिलं असतं.

काम संपलेलं नाही. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाच्या किंवा मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयात जा, कादंबऱ्यांच्या कपाटापाशी उभे राहा. डीटीपीच्या आधी छापलेली आणि पुन्हा न निघालेली पुस्तकं तिथे ओळीनं दिसतील. त्यांतली अनेक कुठल्याही दुकानात अक्षररूपात नाहीत. स्कॅन करून अक्षर ओळखणारी सॉफ्टवेअरं आता देवनागरी बऱ्यापैकी वाचतात, पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, अनुस्वार आणि कागदावरचा डाग यांत गफलत करतातच. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक पान उघडतात, एका बाजूला स्कॅन, दुसऱ्या बाजूला मजकूर, आणि ओळ ओळ ताडून दुरुस्त करतात. निर्णयसागरातल्या जुळाऱ्याचं आणि डीटीपीच्या मुद्रितशोधकाचं काम हेच होतं. फक्त आता त्याला पगार नाही.

पुढचं वाचनयंत्र घडी घालता येणारं असेल, रंगीत असेल, चष्म्यात बसणारं असेल. ते कुठे बनेल हे मुंबईच्या हातात नाही. त्यात मराठीची किती पुस्तकं उघडतील हे मात्र आपल्या हातात आहे, आणि ते ठरेल आज कोण किती पानं तपासून देतो त्यावर.